भिंतीला दही

"ही परांची उतरणार कधी?" विनिफ्रेडने चहा ओतता ओतता विचारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला वर्षभर नळ्या आणि फळ्याच दिसत होत्या. "या उन्हाळ्यात नाही उतरली, तर मी चालले इप्सविचला बहिणीकडे. तू बस तुझ्या विटा कुरवाळत!"

तिच्या नवऱ्याने, क्लेमेंट अ‍ॅटवेलने, चहात बिस्किट बुडवलं. अडीचशे वर्षांचं हे लाल विटांचं घर त्याने मोठ्या हौसेने घेतलं आणि पहिल्याच वादळात भिंतीचा वरचा कोपरा ढासळला. हाताने थापलेल्या विटा, सांध्यांत चुना, सगळं नियमाप्रमाणे झालं. पण नवा कोपरा लालबुंद दिसू लागला. जुन्यात मिसळला नाही तर पाडून पुन्हा बांधा, अशी जुन्या घरांवर लक्ष ठेवणाऱ्या कौन्सिलची अट होती.

नव्या विटा जुन्या दिसाव्यात म्हणून दही फासायचं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यावर शेवाळ लवकर धरतं. दुकानातलं साधं दही नेमकं संपलेलं. क्लेमेंटने स्ट्रॉबेरीचं उचललं. लाल विटेला गुलाबी दही, बिघडलं कुठे?

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा बिघडलं. दही ओघळून खालच्या जुन्या भिंतीवर आलं आणि त्याच्या मागोमाग गावभरच्या गांधीलमाश्या स्वयंपाकघरात.

"क्लेमेंट! जॅममध्ये बसल्यात मेल्या!"

क्लेमेंटने ब्रश घेऊन खालची भिंत खसाखसा घासली. दह्याबरोबर अडीचशे वर्षांचं शेवाळही निघालं. वरच्या कोपऱ्याकडे तो फिरकला नाही. तिथे माश्यांची पंगत बसली होती. महिनाभरात तो कोपरा छान काळाहिरवा झाला आणि खालची भिंत कोरी करकरीत दिसू लागली.

तपासणीला आल्या मिस लॉकयर, कौन्सिलात नुकत्याच रुजू झालेल्या. वर बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात जुनं काम! बोटसुद्धा लावू नका." मग नजर खाली आली. "ही तुमची दुरुस्ती ना? फारच भडक झालीये हो. पाडावी लागेल."

"हो ना. माफ करा," क्लेमेंट सवयीने म्हणून गेला. कुणी पायावर पाय दिला तरी तो आधी माफी मागत असे.

मिस लॉकयर खडूने जुन्या विटांवर फुल्या मारू लागल्या. तिसऱ्या फुलीला क्लेमेंट आडवा आला.

"बाई, थांबा! खालची जुनी आहे. वरची माझी. वर दही आहे."

"दही?"

"स्ट्रॉबेरीचं. माफ करा."

"छे छे, माझंच चुकलं. मीच माफी मागते."

"नाही हो, मीच..."

"पुरे करा दोघं!" विनिफ्रेड ओरडली. "परांची उतरवायची का नाही?"

मिस लॉकयर कानापर्यंत लाल झाल्या. "मलाच ओळखू आलं नाही, म्हणजे कोपरा पास." रुमालाने फुल्या पुसता पुसता त्या हळूच म्हणाल्या, "खालच्या भिंतीला साधं दही लावा. आमच्याकडे रासबेरीचं लावलं होतं. आठवडाभर घराबाहेर जेवलो."

परांची उतरली आणि विनिफ्रेडचं इप्सविचला जाणं राहिलं. एप्रन बांधून, दह्याचा डबा घेऊन ती भिंतीपाशी उभी होती.

"हळू लाव रे," ती नवऱ्यावर डाफरली. "म्हातारी आहे आपली!"