बसथांब्यावरची वेलिका

२०११ साली, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत, वेलिकाने गावभर सांगून ठेवलं की आपण आता सिनेमात जाणार. व्रात्सा शहराकडच्या त्या गावात तेव्हा द्राक्षांचे मळे होते आणि मळ्यांत माणसंही होती.

सिनेमा तिच्या भाच्याचा, प्लामेनचा. तो दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि रात्री कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये मेलेली माणसं पुन्हा मारायचा. त्या गेमवरच सिनेमा काढायचा होता. चिलखत चुलीच्या धुराड्याच्या पत्र्याचं, तलवार कुंपणाच्या फळीची आणि कॅमेरा लग्नांचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा, एका दिवसाच्या बोलीवर.

"माझा चेहरा दिसला पाहिजे," वेलिकाने बजावलं. "समोरून."

तरुणपणी गावच्या नाटकात राणीचं काम तिला मिळालं होतं. ऐन वेळी ते शेजारच्या गिनकाने पटकावलं. तेव्हापासून दोघींच्या मधलं कुंपण कोंबडीसुद्धा जपून ओलांडायची.

"आत्या, सिनेमात साथ येते, तिच्यात मरून उठणारी पहिली बाई तूच," प्लामेन म्हणाला.

"पहिली म्हणजे मुख्यच की रे."

तिथे माणूस गेलं की फोटो आणि तारीख छापलेला कागद फाटकावर लावतात. प्लामेनने वेलिकाचा तसा कागद छापला, शूटिंगच्याच तारखेचा. फोटो इतका छान आला होता की वेलिकाला एका कागदावर समाधान होईना. "कॅमेरा फाटकाकडे वळलाच नाही तर?" असं म्हणत, गाव उठायच्या आत ती एक कागद दुकानाच्या दारावर आणि एक बसथांब्यावर चिकटवून आली. मग तोंडाला मैद्याची खळ, डोळ्यांखाली काजळी, ओठांवर बिटाचा रस लावून कोठारात बसून राहिली.

अंगणात मेलेल्यांची फौज उभी होती. तिघंजण. "गर्दी कुठून आणू?" प्लामेन कपाळ धरून बसला होता, तेवढ्यात फाटक करकरलं.

अख्खं गाव काळ्या कपड्यांत आत आलं. पुढे पाद्री, त्याच्यामागे गिनका. तिच्या हातात उकडलेले गोड गहू आणि मयताला नेतात तशी सम संख्येची फुलं.

"काल संध्याकाळी माझ्या कोंबड्यांना शिव्या घालत होती हो," गिनका हुंदके देत म्हणाली. "काय तो आवाज! राणीचं काम खरं तर तिचंच होतं."

कोठारात ते वेलिकाच्या कानावर पडलं. हे वाक्य ऐकायची तिने सगळा जन्म वाट पाहिली होती. दार ढकलून, दोन्ही हात पसरून ती बाहेर आली.

"गिनके, पुन्हा म्हण."

गहू उडाले. पाद्रीबुवा द्राक्षांच्या ट्रॉलीत कमरेइतके रुतले. गिनकाने जी किंकाळी फोडली, ती पुढच्या गावात ऐकू गेली म्हणतात.

"आत्या, थांबू नकोस, चालत राहा!" प्लामेन कॅमेऱ्यामागून ओरडला.

सिनेमा इंटरनेटवर पुष्कळ चालला. त्यात पडदाभर गिनकाचा चेहरा होता. वेलिकाची फक्त पाठ दिसली, आणि वर बांधलेला अंबाडा.

प्लामेन पुढे राजधानीत, सोफियाला गेला आणि नाटकवाल्यांचे चेहरे रंगवू लागला. पाद्रीबुवांनी द्राक्षं सोडली. गिनकाला लग्नाकार्यात ती किंकाळी फोडायचा आग्रह व्हायचा, आणि ती नाही म्हणायची नाही.

बारा वर्षांनी वेलिका खरंच गेली. फाटकावर तोच फोटो लागला. गिनका फुलं घेऊन आली. पाच होती, जिवंत माणसाला देतात तशी विषम.

"हिचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि फाटकापासून जरा लांबच उभी राहिली.