पाचव्या दुकानाचा पत्ता

आमच्या शेजारच्या तात्या खैरनारांनी मॅट्रिकचा अभ्यास अख्ख्या नाशकात वाटून ठेवला होता. पाढे गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या घाटावर, एका पायरीवर एक. आफ्रिका खंड रविवार कारंजाभोवती. भूमिती दहीपुलापासून वर चढत गेलेली. मी थट्टा करत नाही. सकाळी भाजीला निघालेले तात्या वाटेत एका ओट्यापाशी थांबायचे, पिशवी काखोटीला मारायचे आणि हात जोडून विचारायचे, "काय, काटकोन त्रिकोण बरा आहे ना?" आतून शिंपी मशीन न थांबवता म्हणायचा, "बरा आहे, तात्या!"

ही एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. तात्या मास्तर नव्हते बरं का. स्वतः मराठी चौथीच्या पुढे गेले नव्हते. सटाण्याकडचा माणूस. तीस वर्षं नाशकात पोस्टमन होते. पेन्शनीत निघाल्यावर खांद्यावरची थैली गेली, पण डोक्यातली काही जाईना. घरात बायको नाही, मूल नाही, म्हणून आळीतल्या पोरांना धरून बसायचे. फुकट. "पत्ता नसलेलं पत्र आणि पत्ता नसलेला धडा, दोन्ही हरवणार!" हे दिवसातून चार वेळा ऐकावं लागे. एरवी बोलणं शहरी, पण उलटतपासणी सुरू झाली की गावाकडची बोली बाहेर पडायची. "पत्ता काय शे?"

पोरांना ते नावानं हाक मारत नसत. घर नंबर चौदाशे दोन म्हणजे मी. माझी आई म्हणजे चौदाशे दोनच्या आई.

पद्धत सोपी होती. धडा घरी वाचायचा, मग बाजारात जाऊन एकेक मुद्दा एकेका दुकानात ठेवून यायचा, आणि रोज सकाळी फेरी मारून सगळे जागेवर आहेत ना ते बघायचं. ठेवताना दुकानदाराला नमस्कार केलाच पाहिजे. "तुझा धडा वर्षभर सांभाळतो तो माणूस, भाडं मागतो का? मग हात जोडायला काय जातंय तुझं?" यामुळे आमच्या आळीतली पोरं एवढी नम्र झाली की बाजाराला संशय येऊ लागला. एका हलवायानं तर आम्हा चौघांना हात जोडून येताना पाहिलं आणि बर्फीचं ताट आत नेऊन ठेवलं. श्रावणात गंगेला पूर आला आणि घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, तेव्हा तात्यांनी जाहीर केलं, "पाणी उतरेपर्यंत पाढ्यांना सुट्टी."

दुसरा नियम खोटं न बोलण्याचा. "खोटं बोललास की एक दुकान बंद!" म्हणायचे. ज्याच्याकडे आपलं काही ठेवलंय त्याच्या दारात खोटं तोंड घेऊन गेलं, तर दार उघडत नाही, अशी त्यांची खात्री होती. आम्ही मागे फिदीफिदी हसायचो.

मला मात्र हसायची सोय नव्हती. मी एकदा मॅट्रिकला आपटलो होतो. वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "यंदा आपटलास तर सरळ सिन्नरला, मामाच्या कारखान्यात विड्या वळायला." विड्या वळताना मांडीवर घ्यायचं एक सूपही मामांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलंय, असं आई डोळ्यांना पदर लावून सांगायची. त्या सुपानं माझी झोप उडाली होती.

त्या वर्षी सगळे म्हणत होते, पानिपतच्या पराभवाची कारणं येणार म्हणजे येणार. कारणं सहा. मी ती भांडीबाजारात ओळीनं लावली होती. काचसामानवाल्या बोहऱ्याकडे सरदारांमधली फाटाफूट, हलवायाकडे सैन्यामागून फिरणारी बिनकामाची गर्दी, असं करत करत पाचवं कारण कोपऱ्यावरच्या गोविंदा तांबटाकडे.

माघात थंडी कडाक्याची पडली आणि मी फेरी सोडली. अंथरुणात पडल्यापडल्या डोळे मिटून मनातल्या मनात फिरून यायचो. तात्यांना सांगायचो, रोज जातो. परीक्षेला आठवडा उरला असताना त्यांनी मला समोर बसवलं.

"पानिपत. पाचवं कारण. पत्ता काय शे?"

"कोपऱ्यावर. गोविंदा तांबट."

"आज फेरी मारलीस?"

"हा काय, आत्ताच आलो."

तात्या उठून उभे राहिले. "गोविंदानं दुकान पलीकडच्या गल्लीत हलवलं, त्याला पंधरा दिवस झाले."

मेलो! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तात्या ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाचवं दुकान बंद. गोविंदाकडे जा, चुकलो म्हण, नवा पत्ता घे. मग उघडेल."

मी गेलो नाही. तांबटाची माफी मागायची? मी? भलतंच! तणतणत घरी आलो. परीक्षेचा नंबर पुण्याला आला होता, तिथे मावशीकडे राहायचं होतं. टांग्यात बसताना पाहिलं तर तात्या त्यांच्या ओट्यावर उभे, तोंड भिंतीकडे.

इतिहासाचा पेपर हातात पडला. पहिलाच प्रश्न पानिपत! डोळे मिटले आणि निघालो. बोहरी, हलवाई, तिसरं, चौथं झकास. कोपऱ्यावर आलो आणि पाहतो तर काय, दुकानाला फळ्या लावलेल्या. कुलूप. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मामांचं सूप मांडीवर आल्यासारखं वाटायला लागलं. मनातल्या मनात म्हटलं, गोविंदा, चुकलो रे बाबा, खोटं बोललो.

आणि ओट्यावर तात्या दिसले. भर उन्हात छत्री उघडून बसलेले. "चौदाशे दोन, पत्ता काय शे?" ते ऐकलं मात्र, फळ्यांमागून गोविंदाच्या भांड्यांचा खणखणाट आला. रिकामी भांडी! रसद तुटली, सैन्य उपाशी! मी लिहीत सुटलो.

पास झालो. वडील चक्क हसले, आईनं देवापुढे साखर ठेवली आणि मामांना सुपासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं. तात्यांच्या शिस्तीप्रमाणे दुकानोदुकानी पेढा द्यायला गेलो. गोविंदाच्या नव्या दुकानात आधी चुकलो म्हणालो आणि मग पेढा दिला.

तो म्हणाला, "आता आलास व्हय? तुझ्या त्या इतिहासाच्या दिवशी तात्या माझ्या जुन्या ओट्यावर अकरापासून दोनपर्यंत बसले होते. लय ऊन. म्हटलं, इकडं सावलीत चला. तर म्हणे, चौदाशे दोनला नवा पत्ता ठाऊक नाही. पोरगं इथंच येईल आणि बंद दुकान बघून माघारी जाईल."

तसाच उठलो आणि शेवटचा पेढा घेऊन तात्यांकडे गेलो.

"तात्या, त्या दिवशी तीन तास उन्हात बसला होतात?"

"छे! कोण म्हणतं? भाजीला गेलो होतो. पाय दुखले म्हणून घटकाभर टेकलो."

"खोटं बोललात, तात्या. एक दुकान बंद!"

"होऊ दे बंद. तसंही ते रिकामंच होतं." त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. मग छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "आता अभ्यास नाही तुला. तरी सकाळी फेरीला येशील का रे, मधू?"

माझं नाव त्यांना माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"येतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला त्यांच्या दारात उभा होतो.