पॅलेट ‘ग’ आणि लवू सावंतांचा डावा डोळा

"बाबा, डोळा उघडू नका. आणि बोलू पण नका, पापणी हलते."

"तोंडान बोलतंय, पापणेन नाय," लवू सावंत म्हणाले, आणि पापणी हलली.

घाटकोपरच्या भटवाडीतल्या आपल्या घरात, गॅसच्या ओट्यापाशी, लवू सावंत स्टुलावर मान वर करून बसले होते आणि त्यांची मुलगी अनुपमा त्यांच्या डाव्या पापणीवर जांभळी आयशॅडो लावत होती. दार आतून बंद होतं. खिडकीचा पडदा ओढलेला होता. चाचणी गुप्त होती, कारण लवूंची राणी धोक्यात होती.

कोकणातल्या त्यांच्या गावच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा दर वर्षी वाडीच्या पटांगणात होई आणि पूजेनंतर दशावतार. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात आणि ज्याने त्याने आपलं तोंड आपणच रंगवायचं असतं. मिसरूड फुटल्यापासून लवू राणी करत आले होते. दिवसा ते पवईच्या एका इमारतीत लिफ्ट चालवत. पण वाडीत त्यांना लिफ्टमन कोणी म्हणत नसे. राणी म्हणत, आणि त्यात चेष्टेचा भाग नसे.

यंदा मात्र मंडळाचे अध्यक्ष सीतारामनाना त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "लवू, राग मानू नको. तुझ्या डोळ्याभोवती सुरकुत्ये पडले आसत, त्यात रंग जाऊन बसता. लांबसून राणी रडता काय हसता, ताच समाजना नाय. यंदा नितेशाक करून बघूया?"

नितेश नुकताच एका कुरियर कंपनीत लागला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती शोधूनही सापडली नसती. निर्णय गुरुवारच्या बैठकीत व्हायचा होता.

लवू त्या रात्री घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. अनुपमाने मात्र या प्रकरणाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिलं. ती केमिस्ट्रीची पदवीधर, भिंतीला लावायचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला.

"सुरकुती हा पृष्ठभागाचा प्रश्न झाला, बाबा. पण दोष रंगाचा पण असू शकतो. पृष्ठभाग बदलता येत नाही. रंग येतो."

"माका भिंत म्हणतस?"

"भिंतीची पण काळजी घेतो आम्ही."

लवूंची बायको माधुरी हिने एकच अट घातली. "एका रात्रीच्या कामाक महागडो रंग हाडू नको गो. राणी झाली म्हणून काय, पगार लिफ्टचोच आसा."

म्हणून अनुपमा स्टेशनजवळच्या, सगळ्या वस्तू एकाच भावात विकणाऱ्या दुकानात गेली. तिथे चहाची गाळणी, देवाचे फोटो आणि उंदीर पकडायचा चिकट पुठ्ठा यांच्यामधल्या फडताळात तिला आयशॅडोची पॅलेट मिळाली. तिने तीन वेगवेगळी घेतली, कंपनीच्या नावाने मत कलुषित होऊ नये म्हणून त्यांवर कागद चिकटवले आणि क, ख, ग अशी नावं दिली.

आधी तिने लवूंच्या कोपराच्या आतल्या बाजूला प्रत्येकाचा ठिपका देऊन रात्रभर ठेवला. पुरळ उठली नाही. मग परीक्षा सुरू झाल्या. पॅलेट ‘क’ डबीत मोरपंखी दिसे आणि कातडीवर खडू. पॅलेट ‘ख’ची चमकी उडाली ती पंख्याच्या वाऱ्याने घरभर झाली, रात्रीची आमटी चमचमत होती आणि माधुरीने ती कोणाला न सांगता वाढली. पॅलेट ‘ग’ मात्र वेगळंच निघालं. अनुपमाने त्यावर चिकटपट्टी दाबून खेचली, तर पट्टीबरोबर लवूंच्या हातावरचे केस आले, रंग आला नाही.

"अगो, सोलतस काय माका?"

"उत्तम पकड!" अनुपमा आनंदाने म्हणाली.

आणि इथेच चूक झाली. तिच्या प्रयोगशाळेत रंग निघणं म्हणजे नापास होणं. जो रंग पाण्याने, घामाने, घासण्याने हलत नाही तो चांगला, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. आदल्या दिवशीचा ‘ग’चा ठिपका लवूंच्या कोपरात आंघोळीनंतरही तसाच होता. ते पाहून तिला फक्त अभिमान वाटला.

शेवटची परीक्षा पापणीवर. दोन छटा एकमेकींत मिसळतात का हे पाहायला तिने मध्ये जांभळा आणि कडेने हिरवट पिवळा लावला. मग लवूंनी भाताच्या वाफेवर तोंड धरलं. मग वाडीच्या टेकडीच्या पायऱ्या वरपर्यंत चढून आले, डोक्यावरून टॉवेल घेऊन, कोणाला दिसू नये म्हणून. घामाने बनियन भिजलं. रंग सुरकुतीत उतरला नाही, पसरला नाही, हलला नाही. आरशात लवूंनी मान तिरकी केली, पापणी निम्मी मिटली, आणि डाव्या बाजूने राणी परत आली.

"झकास," ते आरशाला म्हणाले. मग तोंड धुवायला गेले.

साबणाने रंग गेला नाही. खोबरेल तेलाने गेला नाही. माधुरीने बेसन लावलं, लिंबू लावायला निघाली तेव्हा अनुपमाने तिचा हात धरला. घासून घासून पापणी सुजली, खालून लाल झाली, जांभळा रंग निघायच्या ऐवजी गालाच्या हाडापर्यंत सरकला आणि हिरवट पिवळी कड त्याच्याभोवती पसरली. तिघांनी मिळून आरशात पाहिलं.

"बाबा," अनुपमा हळूच म्हणाली, "कोणीतरी तुम्हाला मारल्यासारखं दिसतंय."

तेवढ्यात दार वाजलं आणि लवू टॉवेल शोधेपर्यंत, कडी नीट न लागलेलं दार ढकलून शेजारची शकु आत आली. तिला कढीपत्ता हवा होता. कढीपत्त्याचा विचार तिच्या डोक्यातून तात्काळ गेला.

"भावोजी! ह्या काय झाला?"

आता खरं सांगावं तर राणी रंगाच्या आधाराने उभी आहे ही बातमी बैठकीआधी नितेशच्या घरी पोचणार. लवूंनी डोळ्यावर हात धरला आणि मार खाल्लेला प्रत्येक माणूस जे वाक्य बोलतो तेच बोलले.

"काय नाय. पायरेवर धडपडलंय."

शकुने एकदा लवूंकडे पाहिलं, एकदा माधुरीकडे, आणि "असा होय," म्हणून कढीपत्ता न घेता गेली.

संध्याकाळपर्यंत वाडीत या विषयावर रीतसर विचार झाला. माधुरीने मारलं असावं ही शक्यता लगेच बाद झाली. "माधुरी एका डोळ्यावर थांबची नाय," असं शकुच म्हणाली. लवूंचं कोणाशी भांडण नाही. मग त्यांचं वाईट व्हावं असं कोणाला वाटेल? गुरुवारी बैठक आहे, राणी कोणी करायची ते ठरायचंय... एवढं म्हटल्यावर पुढचं कोणाला सांगावंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नितेश दारात उभा राहिला. हातात शहाळं, तोंड उतरलेलं.

"काका, आईशपथ, मी हात नाय लावला तुम्हाला. मी तर तेव्हा मुलुंडला पार्सल देत होतो. पण कोणी ऐकतच नाय ना! आई जेवायला वाढत नाय. म्हणते, आधी काकांच्या पाया पडून ये."

"अरे नितेश, ते खरं म्हणजे..." अनुपमा पुढे झाली. माधुरीने तिला कोपराने मागे सारलं.

"मला नको ती राणी, काका," नितेश म्हणाला. त्याचा आवाज ‘राणी’वर चिरकला. तो वाकला, लवूंच्या पायांवर डोकं टेकून उठला आणि टी-शर्टाची कड ओढून त्याने डोळे टिपले. "तुम्हीच करा. मी पडदा धरीन."

लवू त्याच्याकडे उघड्या डोळ्याने बघत राहिले. मग म्हणाले, "जा. जेव जा."

नितेश गेल्यावर माधुरी म्हणाली, "देवान दिला, घेवा. गप ऱ्हवा गुरुवारपर्यंत." पण लवूंनी भाताला हात लावला नाही. ते ताटासमोर बसून पदराशी खेळल्यासारखी बोटं हलवत राहिले.

"त्यांच्या मनाला लागलंय गं आई," अनुपमा कुजबुजली. तिच्याही मनाला लागलं होतं. रोज ऑफिसात ती पॅलेट ‘ग’ काढायचा उपाय शोधत होती. पण तिथे जे जे रंग काढी ते ते कातडीही काढी.

गुरुवारी मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अनुपमा ऑफिसातून थेट आली आणि माधुरीशेजारी दारात उभी राहिली. सीतारामनाना उभे राहिले.

"आपल्या गावच्या कलावंताच्या अंगावर हात उठलो," ते गंभीरपणे म्हणाले. "कोणी उठवलो त्याचा नाव घेणा नाय." सगळ्यांनी नितेशकडे पाहिलं. "लवू एका शब्दान बोलूक नाय. ह्येका म्हणतत मोठेपण. यंदाची राणी लवूच करतलो. वाजवा टाळये."

टाळ्या पडल्या. माधुरीने डोळे मिटून देवाचे आभार मानले. लवू उठले.

"माका कोणी मारूक नाय," ते म्हणाले. "ह्यो रंग आसा."

सीतारामनाना हात पसरून सगळ्यांकडे वळले.

"बघलात? ज्येनी मारल्यान त्येकाच वाचवता!"

"अहो नाना, रंग! आयशॅडो! माझ्या चेडवान लावल्यान!"

"आता पोरीचा पण नाव घेता," कोणीतरी मागून म्हणालं. "किती मोठा मन!"

लवू जितकं खरं सांगत गेले तितके मोठे होत गेले. एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या पाया पडायला निघाले, तेव्हा लवूंनी दाराकडे बघून हाक मारली, "अनू, पुढे ये गो! तूच सांग ह्येंका!"

अनुपमा पुढे आली. तिने पर्समधून पॅलेट ‘ग’ काढलं. "सांगून नाही पटणार, बाबा. प्रयोग पुन्हा करता आला तरच तो खरा. कोणीतरी डोळा द्या."

कोणी डोळा देईना. सीतारामनाना खुर्चीवर बसले, त्यांनी टोपी काढली. "लाव माका. अध्यक्ष म्हणून माझी जबाबदारी आसा."

"नाना, आधी एक सांगते, हा लगेच निघत नाही..."

पण बोलायला लागलेल्या अध्यक्षांना मध्ये बोललेलं ऐकू येत नसे. "दूध का दूध झाला पायजे!" असं म्हणून त्यांनी डोळा मिटला. अनुपमाने जांभळा लावला, हिरवट पिवळ्याची कड दिली, ओला रुमाल घेऊन लवूंच्या डोळ्यावर घासला होता तसाच घासला आणि बाजूला झाली.

सीतारामनाना लवूंपेक्षा जास्त मार खाल्लेले दिसत होते.

आधी नितेश हसला. मग खोली हसली. आपला मुलगा निर्दोष आहे म्हणून नितेशच्या आईला हसताहसता रडू आलं. नाना मोबाइलमध्ये आपला चेहरा बघून म्हणाले, "पटला. माका पटला. आता काढ ह्या."

अनुपमाने पॅलेट पर्समध्ये परत ठेवलं. "नाना, तो भाग अजून चाचणीत आहे."

हशा ओसरल्यावर कोणीतरी विचारलं, "मग राणी कोण?"

"नितेश," लवू म्हणाले.

माधुरीने कपाळाला हात लावला. नानांनी बरा डोळा मोठा केला.

"परवा ह्यो माझ्या पाया पडलो," लवू म्हणाले. "रडलो. डोळे पुसताना टी-शर्टाची कड अशी ओढल्यान, दोन बोटांत धरल्यान, आणि आधी मान वळवून मगे डोळ्याक लावल्यान. तो टी-शर्ट नव्हतो, नाना. पदर होतो. कोणी शिकवल्याशिवाय! माका त्या रात्री जेवण गेला नाय."

"मी समाजले, तुमका वाईट वाटला म्हणून," माधुरी दारातून म्हणाली.

"वाटला तर! अगो, माझ्यासारखी राणी माझ्याच उंबऱ्यावर उभी!"

"तुमच्यासारखी?" नितेशने चाचरत विचारलं.

लवूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माझ्यापेक्षा कमी. पण शिकवतलंय मी. आणि रंगवतला माझा चेडू. राणीक जीव तोडून रडूंदे, घामान न्हाऊंदे, डोळ्याचो रंग तिळभरसुद्धा हलाचो नाय. मंडळाच्या कुठल्या राणीक असो रंग होतो काय कधी? माका पण नव्हतो."

एवढं बोलून ते खाली बसले, आणि अनुपमाने पहिल्यांदाच पाहिलं की आपला बाप राणीच्या मुकुटाशिवायही तितकाच ताठ बसू शकतो. तिला स्वतःचाही थोडा अभिमान वाटला. निकाल पुन्हा आला होता, तोही साक्षीदारांसमोर.

सीतारामनाना त्या रात्री घरी गेले. त्यांनी बायकोला सगळं खरंखरं सांगितलं: आयशॅडो, प्रयोग, अध्यक्षाची जबाबदारी. नानीने शांतपणे ऐकून घेतलं, त्यांच्या डोळ्यावर बर्फ ठेवला आणि सकाळी नळावर जाऊन सांगितलं की राणी काढून घेतली म्हणून लवू सावंताने भर बैठकीत यांना ठोसा मारला. बैठकीला हजर असलेल्यांनी ‘तसं नाही’ म्हणून पाहिलं. पण ठोशाची गोष्ट आयशॅडोच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली होती, आणि दुपारपर्यंत त्यांच्यातल्याही काहींना ठोसा आठवू लागला.

संध्याकाळी लवू कामावरून परतले तेव्हा गल्लीत पोरांनी क्रिकेट थांबवलं. नेहमी पायऱ्यांवर पाय पसरून बसणारे तरुण उठून उभे राहिले. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली. आयुष्यभर वाडीत राणी म्हणून वावरलेल्या माणसाकडे लोक घाबरून बघत होते, आणि ते त्याला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

वरच्या वळणावर सीतारामनाना काळा चष्मा लावून उभे होते.

"लवू, मेल्या, तू तरी सांग लोकांक! तू माका मारूक नाय म्हणून सांग!"

लवू थांबले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी गल्ली कान देऊन होती.

"मी खरा सांगूक कधीही तयार आसंय, नाना," ते मोठ्याने म्हणाले. "पण तुम्ही गुरुवारी बघलात मा? माझा खरा कोण आयकता?"

आणि पायऱ्यांच्या अगदी मधोमध, छाती काढून, ते घराकडे चढू लागले.