भरलेल्या ट्रॉलीला एक तारा

"मोबाईलवरचा गेम कसा असावा, हे अख्ख्या तालुक्यात फकस्त मला कळतं!" सहादेवतात्यांनी चहाची बशी खाली ठेवत जाहीर केलं. "दोन महिन्यांत अकरा कंपन्या सरळ केल्या!"

"आधी तुमी सरका. वाटंत बसलाय," लंकाबाई परातीवरून मान न उचलता म्हणाल्या.

तात्यांची फुशारकी अगदीच पोकळ नव्हती, बरं का! श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात ते बत्तीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होते. बत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही स्वतःचं मत दिलं नाही. तक्रारपेटी होती, नाही असं नाही. पण ज्या साहेबांविरुद्ध तक्रार करायची, पेटीची किल्ली नेमकी त्यांच्याच खिशात! त्यामुळे सगळी मतं पोटातच साठत गेली. मग निवृत्ती आली. संगमनेरला शिकून इंजिनिअर झालेल्या सुकन्येनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, आपला जुना मोबाईल त्यांना दिला. वेळ जाईना म्हणून तात्यांनी एक गेम उतरवून घेतला आणि खाली त्यांना दिसलं, 'आपलं मत नोंदवा'. कुलूप नसलेली तक्रारपेटी! शिवाय निनावी!

निनावी, असं आपलं तात्यांना वाटायचं. मताशेजारी गोल चकतीत कुणा पोरीचा बारीकसा फोटो यायचा. ती तक्रारी घेणारी बाई असावी, असं धरून तात्या प्रत्येक मत 'नमस्कार मॅडम' म्हणून सुरू करत.

शेतीच्या गेमला त्यांनी लिहिलं, "ऊस दोन मिनिटांत तोडणीला येतो. टोळीसाठी मुकादमाच्या पाया पडावं लागत नाही. ही शेतकऱ्यांची शुद्ध दिशाभूल आहे. एक तारा." मोटारींच्या शर्यतीला लिहिलं, "दीड तास गाडी चालवली. एक खड्डा नाही, एक मेंढरू आडवं गेलं नाही. हा रस्ता कोणत्या जिल्ह्यात आहे ते कळवावे. दोन तारे." बंदुकीच्या गेमला मात्र चार तारे मिळाले. "शंभर माणसं विमानातून उड्या मारून विनाकारण भांडतात. मी गवतात पालथा पडून राहिलो, कुणाच्या अध्यातमध्यात गेलो नाही, तरी तिसरा आलो." कारखान्यातही तात्या असेच टिकले होते, त्यामुळे हा गेम त्यांना मनापासून पटला. आणि रंगीत गोळ्या जुळवायच्या गेमला पाच तारे, कारण तो लंकाबाईंना आवडला होता आणि तात्यांना त्याच घरात राहायचं होतं!

त्या दिवशी सुकन्या सकाळपासून नवा कुर्ता घालून लॅपटॉपपुढे बसली होती.

"तात्या, दहाला मुलाखत आहे, इथंच, व्हिडिओ कॉलवर. पुण्याची गेमची कंपनी. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी इथपर्यंत येऊ दिलंय. ही हुकली तर पोहे घेऊन पाहुण्यांपुढे बसायचं, असं आईला कबूल केलंय मी."

"कंची कंपनी?"

"ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा गेम काढलाय ना, तीच."

तात्यांचा चेहरा खुलला. "आगं, त्यांला तर मी कालच झाडलंय! भरलेली ट्रॉली वळणावर उलटत न्हाई, म्हंजे बनवणाऱ्यानं जल्मात ऊस पाह्यला न्हाई, असं लिव्हलंय. एक तारा. त्योबी दया आली म्हनून!"

सुकन्येनं त्यांच्या हातातला मोबाईल ओढून घेतला. पाहिलं, आणि ती पांढरीफटक पडली.

"तात्या, हा फोटो कुणाचा?"

"तक्रारवाल्या बाईचा."

"चष्मा लावा."

तात्यांनी चष्मा लावला. तक्रारवाली बाई हुबेहूब सुकन्येसारखी होती. शेजारी नावही सुकन्येचंच होतं!

"माझं खातं आहे हे! मोबाईल देताना काढायचं राहिलं. अकराच्या अकरा मतं माझ्या नावावर!"

तात्यांच्या पोटात खड्डा पडला. आता खरंच एक खड्डा सापडला होता, पण आनंद घेण्याची वेळ नव्हती. "थांब, मी खोडतो!" ते म्हणाले. दहा वाजायला सात मिनिटं होती. सुकन्या लॅपटॉपची वायर शोधायला पळाली आणि तात्यांना खोडायचं बटण काही सापडेना. 'बदल करा' सापडलं. त्यांनी पाच तारे दाबले आणि लिहिलं, "गेम अतिउत्तम आहे. काल लिहिताना पित्त झालं होतं. मुलगी कष्टाळू असून स्वयंपाकही येतो. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती." आणि पाठवून दिलं. सुकन्येच्याच नावानं, सुकन्येच्याच फोटोसकट!

तेवढ्यात कॉल लागला. बाहेर जायची वाट कॅमेऱ्यापुढूनच होती, म्हणून तात्या दिवाणामागे पालथे पडले. गवतातला अनुभव कामी आला.

"मी धनश्री," लॅपटॉपमधल्या मॅडम म्हणाल्या. "आमचा ट्रॅक्टरचा गेम खेळलात?"

"हो मॅडम, खूपदा!"

"ते दिसलंच. काल एक तारा दिलात, आज पाच. शिवाय स्वयंपाक येतो म्हणून कळवलंय."

"स्वयंपाक?" सुकन्येला ही बातमी नवीन होती.

"पित्त कसं आहे आता?"

दिवाणामागे तात्यांनी कपाळ फरशीवर टेकवलं.

"असो. मला कालचंच मत आवडलं," मॅडम म्हणाल्या. "ट्रॉली उलटायला का हवी, ते सांगा बरं."

"म्हणजे... रस्ता ओला असतो ना," सुकन्येनं ठोकून दिलं. बत्तीस वर्षं भरलेल्या ट्रॉल्या पाहिलेल्या माणसाला हे ऐकवेना!

"मॅडम, त्ये मी सांगतो!" तात्या उठले. डोक्याला जळमटं लागली होती.

"हे कोण?"

"गुन्हेगार! सगळं मीच लिव्हलंय. पोरीनं तर तुमचा गेम उघडूनबी पाह्यला न्हाई!"

बोलून गेल्यावर तात्यांना कळलं की आपण पोरीला वाचवायला उठलो आणि पुरती बुडवली. आता थांबूनही उपयोग नव्हता. त्यांनी लंकाबाईंचा पोळपाट आणला, त्यावर काडेपेटी आडवी ठेवली. "ही रिकामी ट्रॉली." पोळपाट कलता केला, काडेपेटी जागची हलली नाही. मग ती उभी केली. "ही भरलेली." पोळपाट जरासा कलला आणि काडेपेटी धाडकन आडवी! "बगा! वर वझं, खाली वळण. तुमचा डायवर मातूर गानी ऐकत जातोय!"

सुकन्या काडेपेटीकडे पाहत राहिली. मग तिनं मान वर केली.

"मॅडम, मी खोटं बोलले. गेम खेळलेले नाही. पण चूक कळली. ट्रॉली भरली तरी तुम्ही तिचा गुरुत्वमध्य खालीच ठेवलाय. ऊस चढेल तसा तो वर सरकवला की वळणावर ती आपोआप उलटेल. दोन दिवसांचं काम आहे."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. "कळवतो," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे दोन दिवस तात्यांना घास गिळवेना. लंकाबाईंनी मोबाईल ज्वारीच्या कोठीत पुरला. तिसऱ्या दिवशी सुकन्या ओरडतच बाहेर आली, "तात्या, घेतलं! मला घेतलं!" तात्या उंबऱ्यावरच बसले. "सुटलो गं बया!" म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं उघड उघड डोळे पुसू लागले. लंकाबाईंनी पोहे केले. घरातल्यांसाठी!

आता सुकन्या पुण्यात असते. कंपनीनं तिला फुगे फोडायच्या गेमवर बसवलंय. तात्यांनी स्वतःचं खातं उघडलंय, स्वतःच्या फोटोसकट. ट्रॅक्टरचा गेम ते रोज खेळतात. भरलेली ट्रॉली अजून उलटत नाही.

तरी त्यांनी पाच तारे दिलेत. पोरगी तिथं नोकरीला हाय, उगं कशाला बोलायचं!