कामठा, बी.एस्सी., पाच फुटांच्या आत

२००८ साली गोंदियात काँप्युटर क्लास बरेच होते, पण एक्सेल शिकावं तर खुमेंद्र सरांकडूनच, म्हणजे माझ्याकडूनच, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. म्हणूनच आमच्या पोवार समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचं काम आयोजक केशोराव काकांनी माझ्याकडे दिलं. तीनशे मुलींची माहिती भरायची आणि पडद्यावर दाखवायची. कागद नाही, गोंधळ नाही, अशी मी हमीच दिली.

त्या यादीत मला स्वतःसाठीही एक मुलगी शोधायची होती. कामठ्याच्या एका लग्नात तिनं मला पंगतीत आग्रहानं दुसऱ्यांदा भात वाढला होता. नाव विचारायचा धीर झाला नाही. कामठ्याची, बी.एस्सी. झालेली, आणि मला दिसली तशी ठेंगणी, एवढंच माहीत. मेळाव्याच्या आदल्या दुपारी मी तीन रकान्यांना फिल्टर लावले: गाव कामठा, शिक्षण बी.एस्सी., उंची पाच फुटांपेक्षा कमी. एकच नाव उरलं, ओमेश्वरी. खुशीत मी फाईल सेव्ह केली आणि फिल्टर काढायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात पडद्यावर एकच ओळ उमटली.

"काऊन बा, तीनशे पोरी होत्या ना? मंग एकच कायले दिसून राहिली?" काकांनी माइकवरच विचारलं.

घाईघाईत मी माऊस रकान्याच्या माथ्यावरच्या छोट्या गाळणीच्या चिन्हावर नेला. तिथे माऊस थांबला की लावलेला फिल्टर चौकटीत दिसतो, हे मी क्लासात मोठ्या कौतुकानं शिकवायचो. आता ते अख्ख्या समाजाला दिसलं. गाव, कामठा. माऊस पुढे सरकला. शिक्षण, बी.एस्सी. मग उंची. बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. खुमेंद्रनं पोरगी आधीच निवडली, असं काकांनी जाहीर करून टाकलं. ओमेश्वरीचे वडील उदाराम उठून माझ्या गळ्यात पडले. मागोमाग ओमेश्वरी आली. भात वाढणारी ती ही नव्हती.

"मी तं याले ओळखतही नाही," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. शोधण्यात माझीच चूक झाली, असं मी कसंबसं सांगितलं. उदाराम तोंड फिरवून जागेवर जाऊन बसले.

"मंग कोणती?" काकांनी विचारलं.

मी उंचीचा फिल्टर काढला. ओमेश्वरीच्या खाली दुसरी ओळ आली: योगेश्वरी, कामठा, बी.एस्सी., पाच फूट एक इंच. बायकांमधून ती उठून उभी राहिली.

"मले पाच फुटाच्या आत कायले धरलं?"

"तुम्ही वाकून वाढत होत्या," मी म्हणालो.

ती पदर तोंडाशी धरून खाली बसली.

पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. ते हसणारं सभागृह आठवलं की अजून कान गरम होतात, आणि बरंही वाटतं. निमंत्रणांची यादी मात्र सासऱ्यांनी हातानं लिहिली. एकही पाहुणा गाळला जाऊ नये म्हणून नवरदेवाला काँप्युटरजवळ फिरकू द्यायचं नाही, असं त्यांनी काकांना बजावलं होतं.