फ्रीजरमधलं विरजण

कांबळे सर आमच्या घरी आले की आधी फ्रीज उघडतात, मग चप्पल काढतात. खिशातला थर्मामीटर लोण्याशेजारी ठेवायचा, घड्याळ लावून दोन मिनिटं थांबायचं आणि "सहा. ठीक आहे, बसतो," म्हणायचं. बाळकुमच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे फ्रीज त्यांना पाठ आहेत. कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये जन्म गेला. रिटायर झाले, पण जंतूंची बाजू घ्यायचं काही सुटलं नाही.

मागच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला ते तीन दिवस शहाडला गेले, तेव्हा विरजणाची वाटी माझ्या हवाली केली. रोज चमचाभर दुधाला लावायचं, एवढंच काम. पण मी पडले शहाणी. आंबट होऊ नये म्हणून वाटी थेट फ्रीजरमध्ये टाकली.

सर परतले तेव्हा वाटीत दगड होता. ते मटकन खुर्चीत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मिनिटभरात उठून हातवारे करत सुरूच झाले.

"सुनीताताई, थंडीत खोबरेल तेल थिजतं ना? जंतूंचं आवरणही तसंच थिजायला लागतं. आवरणातच त्यांचे पहारेकरी असतात. ते लगेच आत वर्दी देतात. मग न थिजणारी चरबी बनवायची, वाढणं थांबवायचं, थंडीपुरती वेगळी प्रथिनं काढायची. एवढुसा जीव, पण स्वतःचा स्वेटर स्वतः विणतो हो."

"म्हणजे जगलेत?"

"सगळे नाही. पण थोडे पुरतात. दूध कोमट करा."

दिवसभर आम्ही दोघं भांड्याभोवती. एरवी पाच तासांत लागणारं दही, आठ तास झाले तरी दूधच. सर दर अर्ध्या तासाने भांडं हलकेच कलतं करायचे आणि पुन्हा झाकायचे. संध्याकाळी भांडं कललं, पण आतलं हललं नाही. मी चक्क टाळ्या वाजवल्या आणि पहिला चमचा त्यांच्यापुढे धरला.

"मी दही खात नाही. कफ होतो."

"अहो, मग हा खटाटोप कोणासाठी?"

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या बायको शोभाताई दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या. महिन्याभराचं ठरलं होतं, पण त्या तिथेच राहिल्या.

"शोभा, तुझं विरजण बघ."

"अहो, ते अजून ठेवलंय तुम्ही?"

"तुला बाहेरचं दही चालत नाही ना. आलीस की लागेल."

"फोन जरा स्वतःकडे वळवा," पलीकडून शोभाताई म्हणाल्या. सरांनी फोन दह्याकडे धरला होता, तो काही केल्या स्वतःकडे वळवेनात.