देवाने फोन उचलला

"देव वर असतो, असं पोरांना सांगू नकोस गं बाई," नणंदेने फोनवर बजावलं होतं. "मी आमच्या चिरंजीवांना सांगितलं, तर ते कपाटावर चढून बसले. उतरवायला शेजारी बोलवावे लागले."

मुंगीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. शिकलेली बाई होती ती. मुलं कशी वाढवावीत यावर तिने इतकं वाचलं होतं, की मुलं वाढत होती तिकडे बघायला वेळ कमी पडायचा. शिवाय देव वर नसतो म्हणावं, तर मग कुठे असतो ते सांगावं लागतं, आणि ते तिला तरी कुठे ठाऊक होतं? वर म्हटलं, की बोट दाखवून मोकळं होता येतं.

मुंगी सात वर्षांची. सापडेल ती वस्तू घरात ओढून आणायची, म्हणून मुंगी. तिच्या धाकट्या भावाला सगळे भोंगा म्हणत. का म्हणत, ते खालच्या मजल्यावरच्या कोणीही हात कानावर ठेवून सांगितलं असतं. बाबा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचे. येतो येतो म्हणता त्यांचं येणं दोनदा पुढे गेलं होतं आणि भोंग्याचा तिसरा वाढदिवस त्यांच्यावाचून पार पडला होता. फोन लागलाच, तर बाबांचा चेहरा हप्त्याहप्त्याने यायचा. आधी कान, मग अर्धी मिशी. भोंगा मिशीला पापा द्यायला तोंड पुढे करायचा, तेवढ्यात पडदा काळा. मग आई "बाबा अगदी मजेत आहेत हं" असं म्हणून नळ मोठा सोडायची आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

झोपण्याआधी मुलांनी हात जोडून देवाला दिवसभराचं सगळं सांगायचं, असा तिने नियम घातला होता. मुंगी इमानेइतबारे सगळं सांगायची, आणि शेवटी "बाबांना पाठव" म्हणून पांघरूण ओढायची. एकदा तिने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

"आई, त्याला ऐकू जातं?"

"जातं की."

"मग तो काही बोलत का नाही? बाबांचा फोन तरी लागतो कधी कधी."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मोबाइलपासून मुलांना लांब ठेवायचं म्हणून आईने हस्तकलेचा घाट घातला. दोन कागदी कप, तळाला भोकं, मधून दोरा. एकाने कपात बोलायचं, दुसऱ्याने कप कानाला लावायचा. बेडरूम ते स्वयंपाकघर अशी लाइन सुरू झाली. भोंग्याला खरं तर फोनची गरज नव्हती; तो बोलला की कपाशिवायच पोचत होतं. पण मुंगीचे डोळे चमकले.

"आई, दोरा लांब असला तर लांबचं पण ऐकू येतं?"

"ताणलेला असला तर येतं," आई म्हणाली आणि कपडे मशीनमध्ये घालायला गेली. मुलांना विज्ञान शिकवल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

ती परतली तेव्हा दोऱ्याचं रीळ संपलेलं, एक कप गायब, आणि वाढदिवसाचे, छताला टेकून राहिलेले गॅसचे तीन फुगेही गायब.

"दुसरा कप कुठाय?"

"देवाकडे," मुंगी म्हणाली.

"फुगे पन गेले," भोंग्याने इमारतीला कळवलं.

आईने गॅलरीतून वाकून वर पाहिलं. कठड्याला बांधलेला दोरा सरळ वर गेला होता आणि वरच्या गॅलरीच्या कडेशी दिसेनासा झाला होता. वरचा मजला शेवटचा. त्यावर नुसतं आभाळ. वरचं घर बंद असल्याचं एजंटने घर दाखवतानाच सांगितलं होतं, आणि रस्त्यावरून पाहिलं तर तिथले पडदे खरोखरच कधी हललेले दिसत नसत. अडकले असतील फुगे तिथल्या कठड्याला. असू देत. मुलांच्या कल्पनाशक्तीला कात्री लावू नये, असं तिने कालच वाचलं होतं.

संध्याकाळी मुंगी धावत स्वयंपाकघरात आली. "आई! देवाने फोन उचलला!"

"हो का? काय म्हणाला?"

"आधी खोकला. मग म्हणाला, दोरी ताण, नीट ऐकू येत नाही."

आईला भरून आलं. काय ही कल्पनाशक्ती! पुढचे दोन दिवस ती कौतुकाने ऐकत होती.

"आई, देव आधी बस चालवायचा. आता रिटायर झालाय."

"अगंबाई! मग जग कोण चालवतं?"

"ते नाही विचारलं. पण मला वाटतच होतं, कोणी चालवत नसणार."

तिसऱ्या दिवशी मुंगी येऊन नुसतीच उभी राहिली. "देव एकटाच राहतो. आणि त्याला एकाच डोळ्याने दिसतं. दुसऱ्यावर पट्टी आहे." मग थोडा विचार करून म्हणाली, "बाबा पट्टीच्या बाजूला असतील. म्हणून त्यांना पाठवायचं राहून गेलं असेल."

आईच्या हातातली पोळी तव्यावर करपली. कल्पनाशक्ती ठीक आहे, पण कल्पनाशक्तीच्या डोळ्याला पट्टी? तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, मुंगीला आवाज ऐकू येतात हो."

"कोणाचे?"

"देवाचे."

"मग ऐकू दे की! मी इतकी वर्षं हात जोडतेय, मला कुठे आले? काय म्हणतो?"

"म्हणतो, डब्यात रोज एकच भाजी येते."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

"ताई?"

"पोरीला आधी डॉक्टरकडे ने."

डॉक्टरांनी मुंगीचे कान पाहिले, घसा पाहिला, जीभ पाहिली. देव कोणत्या वेळी बोलतो, जेवणाआधी की जेवणानंतर, असं विचारलं. "दुपारी झोपलेला असतो, संध्याकाळी बोलतो," मुंगी म्हणाली. डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली आणि जंतांचं औषध लिहून दिलं.

औषधाचा पहिला चमचा पोटात गेला आणि त्याच संध्याकाळी भोंगा गॅलरीतून नाचत आला. "देव माज्याशी पन बोल्ला!"

"काय बोलला?" आईने धसकून विचारलं.

"हलू बोल ले बाबा, कान फुतला."

म्हणजे हे आता पसरायला लागलं होतं. आगीतून उठून फुफाट्यात. आईने भोंग्यालाही चमचाभर औषध पाजलं, आणि मग उगाच धोका नको म्हणून स्वतःही घेतलं.

आपणच एकदा कप कानाला लावून बघावा, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण काही ऐकू आलं नाही, तर पोरीला काय सांगायचं? आणि ऐकू आलं, तर डॉक्टरांना काय सांगायचं?

मग ती संध्याकाळ आली. मुंगी जेवायला बसली. भातात बोटाने रेघा ओढत म्हणाली, "आज मी देवाला विचारलं, माझ्या बाबांना कधी पाठवणार."

"मग?" आईने विचारलं.

"तो आधी खोकला. मग म्हणाला, माझाच मुलगा येतो येतो म्हणतो आणि येत नाही, तुझ्या बाबांचं मी काय सांगू, बाळ?" मुंगीने ताट बाजूला सारलं. "आई, त्याला पण जमत नाही. मग आता झोपताना हात नाही जोडले तर चालेल?"

आईने ताटं उचलली. मुंगी भिंतीकडे तोंड करून झोपली. न सांगितलेला सगळा दिवस तसाच पडून राहिला. बाबा येत नाहीत ते एक, पण आता ते येतील अशी आशाही या घरातून निघून चालली होती. आणि त्या आशेवर मुंगीच एकटी जगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं झोपल्यावर आई कात्री घेऊन गॅलरीत गेली. दोरा एका हातात धरला. कात्री उघडली. आणि कापण्याआधी, का कोण जाणे, तिने चहूकडे बघून घेतलं आणि कप तोंडाशी नेला.

"हे बघ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पोरीला असं सांगतात का रे? थोडं खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं? मी नाही का बोलत रोज? सगळं छान आहे म्हणते. काही छान नाहीये. भोंगा झोपेत बाबा म्हणून माझाच कान ओढतो. कुठे जरा खुट्ट झालं, की मी दाराकडे बघते. येऊ दे ना त्याला. चेहरा तरी एकदा अख्खा दिसू दे."

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि शिकलेल्या बाईला न शोभणारी गोष्ट केली. कप कानाला लावला.

कपात कोणीतरी खोकलं.

"दोरी जरा ताणा हो," आवाज आला. "चेहऱ्यापासून पुढचं ऐकू नाही आलं."

आईची किंकाळी भोंग्याच्या तोडीची होती. कात्री हातातून सुटली आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंडीत उभी रुतली. "अहो, कोण झाडं कापतंय वरून?" काकू ओरडल्या. आईची पाचावर धारण बसली होती. तरी कप काही तिने सोडला नाही.

"क-कोण?"

"मी वरचा."

"वरचा म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या डोक्यावरचा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजेड सोसत नाही, म्हणून पडदे ओढून बसतो. आज दुपारची झोप लागली नव्हती. छोकरी फोन करते रोज. गोड आहे. छोकरा जरा मोठ्याने बोलतो." मग आवाज हळूच म्हणाला, "जेवलात का?"

"नाही," आई म्हणाली, आणि हा प्रश्न आपल्याला कितीतरी दिवसांत कोणी विचारलाच नव्हता, हे तिच्या एकदम लक्षात आलं. मुलं विचारत नाहीत, आणि अर्ध्या मिशीला तेवढा वेळ मिळत नाही.

"मग आधी जेवा," वरचा म्हणाला. "रिकाम्या पोटी रडू नये. चक्कर येते."

किंकाळीने मुलं जागी झालीच होती. आईने दोघांना बखोटीला धरलं आणि जिना चढली. दार उघडलं. बनियन घातलेले, काटकुळे, डाव्या डोळ्यावर पट्टी असलेले एक आजोबा उभे होते. त्यांच्या मागे खुर्चीच्या पाठीला तीन सुरकुतलेले फुगे जपून बांधून ठेवले होते.

मुंगीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्ही देव नाही?"

"छे गं. मी बस चालवायचो. सांगितलं होतं की."

"मग बोललात कशाला?"

"तू हाक मारलीस. मला कोण हाक मारतं?" आजोबा कानकोंडे झाले. "मला वाटलं, तुला माहीत आहे मी कोण ते."

मुंगी विचारात पडली. अशा वेळी तिच्या भुवया अगदी बाबांसारख्या एकमेकींना भेटायच्या.

"तुम्ही देवाकडे काही मागितलं होतं का?"

आजोबांनी पट्टी नसलेला डोळा मिचकावला. "मागितलं होतं. कोणीतरी बोलायला मिळू दे म्हणून."

"मग बरोबर!" मुंगी आईकडे वळली. "देवाने यांचं काम आधी केलं. यांचा नंबर आधी होता, आई. आपला नंतर लागेल."

त्या रात्री तिने पुन्हा हात जोडले. दोन दिवसांचं सांगायचं साठलं होतं, त्यामुळे बराच वेळ लागला. आणि त्यानंतर रोज संध्याकाळी दोरा ताणला जाऊ लागला. डब्यातल्या त्याच त्या भाजीच्या जागी खालून वाटी जाऊ लागली. आई कपात बाबांची खबर सांगायची, आजोबा मुलाची सांगायचे. दोन्हीकडे खबर सहसा एकच असायची: पुढच्या महिन्यात बघू. पण ती दोघांत वाटून घेतली, की निम्मीच उरायची.

आणि मग एक दिवस नंबर लागला. दारात अख्खे बाबा उभे. दोन्ही कान, पूर्ण मिशी. भोंग्याने ज्या आवाजात स्वागत केलं, त्याने काकूंच्या घरातली बशी फुटली म्हणे. मुंगी बाबांच्या पाठीवरून उतरेना. आईने नळ बारीक सोडला आणि भांडी एकदाच घासली. घर हसण्याने इतकं भरलं, की गॅलरीत कपडे वाळत घालायलाही कोणाला सवड नव्हती.

आठवडा झाला असेल. बाबा गॅलरीत गेले आणि म्हणाले, "हा कप कसला लटकतोय इथे?"

आईच्या काळजात चर्र झालं. देवाकडे मागितलेलं मिळालं की माणसं देवाला विसरतात, हे तिने कितीदा तरी ऐकलं होतं. तिला ते नेहमी दुसऱ्यांबद्दलचं वाटायचं. तिने कप कानाला लावला. दोरा सैल नव्हता. तो वरून, नीट, ताणलेला होता.

"आहात का?" तिने विचारलं.

"आहे की," लगेच उत्तर आलं. "हाक मारणार नव्हतो. तुमचं माणूस आलंय, कशाला मधे बोला? नुसता ऐकत होतो. छोकरा हसतो छान."

ती वाटी भरून जिना चढायला लागली. मागून बाबा, त्यांच्या पाठीवर मुंगी, आणि सर्वांत मागे भोंगा, वरच्या मजल्याला आगाऊ सूचना देत.

तुमचं मागणं पुरं झालं असेल, घर भरलेलं असेल, तर चांगलंच आहे. पण घर रिकामं असताना ज्यांनी तुम्हाला "जेवलात का" असं विचारलं होतं, त्यांच्याकडे एकदा डोकावून या. ते स्वतःहून हाक मारायचे नाहीत. आत्ताच जाता का?